रिकामा गोल

दहा बाय आठचा फ्लेक्स.
वर दोन्ही कोपऱ्यांत तुरे,
मधे 'नवागतांचे हार्दिक स्वागत',
त्याखाली गोलागोलांत एकोणचाळीस चेहरे :
स्वामिनी ग्रुप, बी. ए. ते बी. कॉम., सेलू.
नावं मीच टाइप करते.
कॉलेज सुटलं की दोन ते सहा
घोगरे मामांच्या दुकानात.

अनुजा गिराम प्रूफ बघायला आली.
म्हणाली, हा खालचा गोल रिकामाच दिसू लालाय,
टाक की तुझा फोटो!
तीनशे रुपये वर्गणी,
अन् गॅदरिंगला सगळ्यांची एकसारखी साडी.
हप्त्यानं दिलीस तरी चालतंय.

तीनशे म्हणजे या खुर्चीवरचे माझे दोन दिवस.
साडीचा हिशेब मी केलाच नाही.
बघते म्हणाले.

खोटं कशाला बोलू,
मागच्या पोळ्याच्या आदल्या दिवशी वालूरची गाडी आलीच नाही,
स्टँडवरचा दिवाही गेला होता,
तेव्हा हीच अनुजा मला खोलीवर घेऊन गेली.
सहाजणी, एक गॅस.
येसराची आमटी, त्यात भाकरी कुस्करून.
कुणीच विचारलं नाही, तू कुठल्या ग्रुपची.
रात्रभर कुणाचा तरी पाय माझ्या पोटावर होता
अन् मला झोप लागली.

पण हा गोल रिकामा नव्हता.
इथं वैष्णवी थिटे होती,
हसताना एक डोळा बारीक.
दिवाळीनंतर काहीतरी झालं.
अनुजानं मोबाइलवर लिहिलं, तिला काढ.
मी काढलं.
डिलीट दाबायला जोर लागत नाही.

वैष्णवी आता टाकीजवळ एकटी डबा खाते.
एकदा विचारलं, कसं वाटतंय?
म्हणाली, निवांत.
आणि मी उठेपर्यंत
माझ्या डब्याकडं बघत राहिली.
भेंडी होती नुसती.

मामा ओरडले, रेवते, सेव्ह कर, मशीन तापलीय!
मी गोलात झेंडूचं एक फूल ठेवलं,
बाकीच्या चेहऱ्यांएवढंच मोठं,
आणि प्रिंट दिली.

सहा वाजून गेले.
स्टँडवर उभी आहे.
गाडी येईलही.
नाही आली तर आज
कुणाच्या खोलीचं दार वाजवायचं,
ते अजून ठरत नाही.