अडकित्ता

आमच्या सॉफ्टवेअरचं नाव अडकित्ता.
ते एकच काम करतं: चिकटून आलेले शब्द
जिथे तुटायला हवेत तिथेच तोडतं.
मराठीतले, कन्नडमधले,
आणि शहापुरात बोलतात तसल्या
अर्ध्या-अर्ध्या वाक्यांतलेसुद्धा.
फुकट आहे. उघडं आहे. कुणीही आत यावं,
चूक दिसली तर दुरुस्त करून जावं.

जुना लोगो गोकाकच्या बसवंतनं
परीक्षेच्या आदल्या रात्री काढलेला.
चार वर्षं झाली, सगळे त्याला नेलकटर म्हणतात.

म्हणून नवा मी करायचा.
कारण मी भरमा पेंटरचा मुलगा.

पहिला केला भगवा.
बसवंत लिहितो, चांगलाय, पण आमच्या गल्लीत नको.
दुसरा पिवळा, पात्याच्या कडेला लाल.
खानापूरची रेणुका लिहिते, हा तर झेंडाच की.
निळा केला. निळ्याचंही कुणीतरी असतंच.
हिरव्याचं मी विचारलंच नाही.
रात्री दीडला सगळे रंग संपले,
आणि आकाराला अजून हात लागला नव्हता.

आबांनी छत्तीस वर्षं पाट्या रंगवल्या.
खडे बाजारात एकाच दुकानावर
वर कन्नड, खाली मराठी,
मग मराठी बारीक, मग नाहीच,
मग रात्री कुणीतरी डांबर फासलेलं
आणि सकाळी शिडीवर पुन्हा आबाच,
टर्पेंटाइनचा डबा घेऊन.
डांबरावर रंग धरत नाही,
सीमाप्रश्नावर ते एवढंच बोलले.

सोळा बाय सोळा.
एवढ्याशा चौकोनात मावायला हवं.
मुठी गेल्या, नक्षी गेली,
आजोबांच्या अडकित्त्यावरचा पितळी मोर गेला.
उरली दोन वाकडी पाती आणि मधला खिळा.
खिळा काढून पाहिला:
दोन कंस, एकमेकांकडे पाठ केलेले.
परत ठेवला.

रंग शेवटी कापलेल्या सुपारीच्या आतला.
त्यावर अजून कुणी हक्क सांगितलेला नाही.

सकाळी आबा खुर्चीमागे येऊन उभे.
"हे काय करालास रे?"
सांगितलं.
"किती देतात?"
काही नाही.
चष्मा कपाळावरून खाली आला.
"डावं पातं जाड झालंय. केसभर काढ."

काढलं.

तिसऱ्या दिवशी पोलंडहून कुणीतरी लिहिलं,
पक्षी फार छान आहे.
बसवंत विचारतो, सांगू का त्याला?
राहू दे म्हटलं.
अडकित्त्याला तिकडे काय म्हणतात,
मला तरी कुठं ठाऊक आहे.