पासंग

गाई होत्या त्या गोठ्यात आता पाणबुडी आहे.
जुन्या गॅसटाकीची, दोन माणसं
गुडघ्याला गुडघा लावून बसतील एवढी.
दूध मांडायच्या फळ्यावर आर्नफिनचा खडू:
बाजूला सारलेलं पाणी अठराशे चाळीस लिटर,
म्हणून वजन अठराशे चाळीस किलो.
"लोखंड कुणीही बुडवेल," तो म्हणतो,
"बुडता बुडता थांबवायला तीन हिवाळे लागतात."

तीन हिवाळे शिसं वितळत होतं.
टायरवाल्याकडची चाकांची वजनं, जाळ्यांचे मणी,
कुणाच्या तरी मोडक्या होडीचा कणा.
माझं जॅमचं पातेलं त्या कामाला गेलं
ते स्वयंपाकघरात परत आलं नाही.
बटाट्याच्या काट्यावर सगळं तोललं:
हातोडी, थर्मास, चीजचा ब्रेड, बूट,
चष्मासुद्धा, तीस ग्रॅम.
शेवटी तो स्वतः, लोकरी बनियनसकट.

पोटाखाली एक वीट वेगळी, एकाच स्क्रूवर टांगलेली.
आतलं चाक फिरवलं की सुटते.
"सगळं बिघडलं तर हिला सोडायची.
मग वर येणं माझ्यावर अवलंबून नाही."
त्या रात्री मी चाकाला तेल दिलं.
झोप येईना, पुन्हा उठून दिलं.

जुलै. लुस्टर फ्योर्ड दुधाळ हिरवा.
आयविनच्या होडीत मी दोर धरून.
झडपा उघडल्या, टाक्यांनी एक लांब सुस्कारा सोडला,
काचेचा घुमट गेला, घुमटातलं टक्कल गेलं.
दोर तळहातातून सरकत राहिला,
तीन मीटर, पाच,
सात.
थांबला.
तळ तर शेकडो मीटर खाली.

एक ठोका म्हणजे ठीक, तीन म्हणजे ओढा.
आतून दोन आले.
दोनचा अर्थ आम्ही ठरवलाच नव्हता.

वर आला तेव्हा लालबुंद.
"पाण्यावर जाऊन बसली! कोंबडी अंड्यावर बसते तशी!"
वरचं पाणी हिमनदीचं, गोडं. खाली समुद्र.
डोंगरातल्या तळ्यात तोललेली बोट
खाऱ्या पाण्यानं उंबऱ्यावरच अडवली.
माझ्या आईला हे ठाऊक होतं:
उन्हाळ्यात जाळं सात मीटरच्या खाली सोड,
मासा गोड्या पाण्यात येत नाही.
पण तिला फळ्यापाशी कुणी बोलावलं नव्हतं,
आणि मलाही.

"चाळीस किलो कमी पडले," तळहातावर बोटानं मांडत तो म्हणाला.
मग माझ्याकडे बघितलं,
वरून खाली, सावकाश,
लग्नाच्या वर्षानंतर असं बघितलंच नव्हतं.
"गुनवोर, तू किती?"
"अठ्ठावन्न."
"पाण्यापुढे खोटं चालत नाही."
"साठ."
त्यानं वीस किलोच्या विटा उपसल्या.

सुतारकामात, बुद्धिबळात, बर्फ उपसताना
एकेचाळीस वर्षं मला ऐकवत आला,
तू माझ्या पासंगालाही पुरणार नाहीस.
मी काही बोलले नाही. झाकणातून आत उतरले,
विटांच्या जागी बसले.

गोड्या पाण्यातून आम्ही दगडासारखे गेलो.
हिरवं, हिरवं, खिडकीत दूधच दूध.
सातव्या मीटरला पाणी थरथरलं,
चुलीवरची हवा थरथरते तसं,
आणि खाली एकदम स्वच्छ काळोख.
वेग गळाला. काटा अकरावर आला
आणि तिथंच राहिला.
वर नाही, खाली नाही.
"हलू नकोस," आर्नफिन कुजबुजला,
जणू कुणी झोपलेलं आहे.

माझ्या एप्रनच्या खिशात मूठभर चेरी होत्या,
न तोललेल्या. त्याला सांगावंच लागलं.
त्यानं डोळे मिटले, काहीतरी मोजलं,
मग हात पुढे केला.
आम्ही त्या खाल्ल्या. बिया मी मुठीत धरल्या.
काटा हलला नाही.