काठ

नदीनं अकरा वर्षांनी जमीन परत केली,
म्हणजे वाळू परत केली, वर थोडं कासगवत.
ती मोजायला अमीन म्हणून मला धाडलं.
बरोबर साखळीवाला निताई, फडक्यात मुरमुरे,
आणि हरिणडांगा मौजाचा जुना नकाशा,
ज्याचा ईशान्य कोपरा कसरीनं खाल्लेला.

नावेतून माणसं उतरली कागद घेऊन,
भिजून वाळलेले, पापडासारखे वाजणारे.
कुणाकडे खतियान, कुणाकडे कराची पावती,
एकाकडे नुसता पाकिटावरचा पत्ता.
मोमेना बेवाच्या काखेत गाठोडं.

"बाकीचं गेलं," ती म्हणाली,
"हे त्या रात्री अंगावर होतं."
आणि तिनं वाळूवर कांथा अंथरली.

पाच जुन्या साड्या एकावर एक,
सासूची सगळ्यांत वर, कारण तीच सगळ्यांत मऊ.
साड्यांच्याच काठांतून दोरे उपसून
धावदोऱ्यानं बसवलेलं आख्खं गाव.
"काठ उसवायचा नाद आम्हा दोघींना," ती म्हणाली.
मला वाटलं, सासूबद्दल बोलते आहे.
ती पद्मेकडे बघत होती.

मध्यावर कमळ. ते असतंच.
त्याच्या पाकळीला टेकून घर, घराला टेकून तळं,
सात सुपाऱ्या, जराशी कललेली मशीद,
गोष्ठ कलूच्या घाण्याचा बैल,
त्याच्या डोळ्यांवरची झापडसुद्धा.

मी नकाशा शेजारी धरला. धंदाच तो.
"तळं चुकलंय. घरापासून दोनशे हात उत्तरेला हवं."
"दोनशेच," ती म्हणाली.
"बावीस वर्षं कळशी घेऊन चालले.
आता सुईनं पण चालू होय?"

निताई हसला. मीही.

मग बोटाला काहीतरी लागलं.
पांढऱ्यावर पांढरा दोरा,
दिसत नव्हता, नुसता हाताला कळत होता.
सुपाऱ्यांच्या पलीकडे एक लहानसा उंचवटा.
सवयीनं पट्टी लावली:
मशीद चार बोटं,
उंचवटा वीतभर.
"लुत्फा," ती म्हणाली. "चैत्रात चार पुरी झाली असती."
मी प्रमाण विचारलं नाही.

विषय बदलावा म्हणून
एका तांबड्या ठिपक्यावर बोट ठेवलं. "ही विहीर?"
"ती सुई टोचली होती."

माझ्या नकाशात कसरीनं खाल्लेली वाडी
तिच्याकडे दाट होती, कोंबड्यांसकट.
तिचा एक कोपरा मात्र कोरा,
जिथे माझ्याकडे जमीनदाराची कचेरी, ठसठशीत.
"तिकडे बायका जात नसत," ती म्हणाली.

बहरमपूरचा व्यापारी येऊन गेला म्हणे,
रॉकेलात निळी कालवून छापलेलं कमळ घेऊन,
चाळीस बायकांना एकच कमळ, टाक्यावर मजुरी.
हिनंही भरली तसली तेरा.
या कांथेचे तो तीन हजार देत होता.
"पण हिवाळा तोंडावर होता," ती म्हणाली,
आणि एवढंच कारण सांगितलं.

कापडावर शिक्का बसत नाही, शाई पसरते.
मी तसं सांगितलं, जरा मोठ्यानं,
कारण बाकीची माणसं जवळ सरकत होती
आणि कांथेत आपापलं घर शोधत होती.
"हा आमचा फणस," एक म्हातारा म्हणाला,
"पण फणस एवढे नव्हते लागत."
"मला दिले नाहीत ना कधी," मोमेना म्हणाली.
"म्हणून मीच लावले."

वारा सुटला.
तिनं पदराच्या गाठीतून खजुरीचे काटे काढले,
शिवण्याआधी थर ताणून धरायला लावतात ते,
आणि चारी कोपरे वाळूत रोवले.
होकायंत्र पाहून मी म्हणालो,
"उत्तर इकडे. थोडी फिरवा."
तिनं काटे उपटले, कांथा फिरवली,
दोन पावलं मागे जाऊन पाहिली,
आणि परत होती तशी केली.
"दार तिकडे होतं."

निताई साखळीचं टोक धरून केव्हाचा उभा.
"बाबू," तो म्हणाला, "कुठून धरू?"