सत्तेचाळीस

बॅलार्ड इस्टेट, दुसरा मजला, क्लिअरिंग एजंटची कचेरी.
तळपदेबाई म्हणाल्या, सर्व्हर म्हातारा झालाय,
एक फाइल उघडेपर्यंत
माझा चहा पिऊन होतो, कप विसळूनसुद्धा.

मेमरी पाहिली. डिस्क पाहिली.
स्विचवरची धूळ फुंकली.
सगळं ठणठणीत.
शेठ दारात, नव्या सर्व्हरचं कोटेशन
मनातल्या मनात फाडत.

मग लॉगमध्ये सापडलं:
दर फाइलीआधी एका पत्त्यावर हाक जाते,
शेवटचा आकडा सत्तेचाळीस,
आणि तीस सेकंद उत्तराची वाट.
पुन्हा हाक. पुन्हा तीस.

सत्तेचाळीस कोण?
लोबो हसला. अहो, दिघ्यांच्या टेबलापाशचा प्रिंटर!
ते रिटायर झाले त्याच आठवड्यात
भंगारात दिला, चारशे रुपयांना.

पण इथे बाराही जणांच्या लॉगिनला
डिफॉल्ट अजून तोच.
कागद केवढा, समास किती,
त्याला विचारल्याशिवाय
एक्सेल पान मांडायला तयार नव्हतं.

बारा वेळा पुसला.
तेरावं लॉगिन दिघ्यांचं, तेही चालूच.
काढू?
बाई कप घेऊन मोरीकडे निघाल्या होत्या,
मागे फाइल उघडलेली पाहून थबकल्या.
ते राहू दे, म्हणाल्या,
जुनी शिपिंग बिलं त्यात आहेत.
बिलं होती. आणि एक फोल्डर, नुसतं ‘वसुधा’ नावाचं.
मी उघडलं नाही.

शेठ म्हणाले, पार्ट तर एकही बदलला नाहीस,
मग पैसे कशाचे?