भरतीच्या वेळा

म्हापशाचा शुक्रवारचा बाजार ऐन भरात होता
तेव्हा दिल्लीचा कागद आमच्या छापखान्यात पोचला.
'अंतर्गत अशांतता', त्यात लिहिलं होतं.
शाणू जुळाऱ्याने दाराबाहेर पाहिलं:
सुक्या बांगड्यांवरून घासाघीस,
मिरच्यांची पोती, कुणाची तरी शिंक.

"पोर्तुगिजांकडे लग्नपत्रिकाही दाखवून आणायचो," तो म्हणाला.
"एका नवरीचं नाव क्रांती.
तीन खेपा मारल्या, शेवटी
शांती करूनच नांदवली तिला."
चौदा वर्षं झाली. तो जुना शिक्का
खणात होता अजून, रबर तडकलेलं.

नवे साहेब आपल्यातलेच, मराठी बोलणारे.
चहा घेतला, अग्रलेखावर लाल पेन्सिल ओढली,
आणि उंबऱ्यावर वळून म्हणाले,
जागा मात्र कोरी सोडू नका हं,
लोक कोरंही वाचतात.

शाणूचा जन्म उलटी अक्षरं वाचण्यात गेलेला.
एकेक खिळा त्याने कप्प्यात परत टाकला,
'जीवित' हा शब्द सर्वांत शेवटी सुटा केला.
त्या चौकटीत मग भरती-ओहोटीच्या वेळा बसवल्या,
मनाच्याच.

पुढच्या आठवड्यात शापोऱ्याचा जाकी तरातरा आत शिरला.
होडी रात्रभर चिखलात, बूड फुटलेलं.
"उदक येतलें म्हूण छापलें तुमी, खंय आयलें?"

शाणूने हातांची शाई पुसली, बोलला नाही.
होडीचे पैसे पगारातून फेडत राहिला,
एकवीस महिने.