सदर इसम एकच

ट्रंक उघडली की आधी शिंक येते.
मग पणजोबा.

थराला एक तंबाखूचं पान घातलंय आत,
कसर लागू नये म्हणून.
निपाणीत कागदांसाठी कापूर आणणाऱ्याला हसतात.
दर मार्गशीर्षात आबा जुनी पानं काढायचे, नवी घालायचे,
आणि घालता घालता कागद मोजून
झाकणाच्या आत खडूनं आकडा लिहायचे.
शेवटचा आकडा दोनशे अकरा.
मी मोजले: दोनशे नऊ.

कुठले दोन गेले ते शोधताना
हे सगळं सुरू झालं.

पणजोबा कल्लाप्पा, वखारीत तोलार.
त्याची मोडी चिठ्ठी घरात कुणालाच वाचता येईना,
हात न उचलता लिहिलेली,
जणू दोरीवर वाळत घातलेले कपडे.
कोल्हापूरच्या एका मास्तरांकडे नेली. चष्मा पुसून ते म्हणाले,
"चार मण सव्वातीन शेर. पाऊस आहे. बैल बसलाय."
एवढंच?
एवढंच.
नव्वद वर्षं आम्ही एक बसलेला बैल जपला.

आजोबा भरमा पलटणीत.
पगाराच्या पुस्तकात इंग्रज कारकुनानं
चौगुलेचं केलंय चुगली.
आयुष्यात कुणाची केली नाही त्यानं.
आबा, म्हणजे पुंडलिक, शाळेच्या दाखल्यावर चौगुले,
रेशनकार्डावर कानडीत चौगला,
वीजबिलावर चवगले.
घर तिथंच, ट्रंकही त्याच फळीवर.

मी कचेरीसमोर टायपिंग करते, बावीस वर्षं.
दिवसाला पाच-सहा तरी प्रतिज्ञापत्रं असतात:
वरील दोन्ही नावांचा सदर इसम एकच.
कानडीत, इब्बरू ओब्बरे.
लोक सही करतात, शपथ घेतात, वडे खायला जातात.
घरच्यांसाठी असा कागद करायचं कधी सुचलंच नाही.
कुणी मागितला नव्हता.

सातेरी बेळगावहून फोनवर म्हणतो,
"स्कॅन कर की सगळं, आणि दे टाकून.
अंगठ्याएवढ्या ड्राइव्हात बसतंय आक्का."
केलं स्कॅन. दोनशे नऊच्या नऊ, दोन्ही बाजूंनी.
कोऱ्या बाजूसुद्धा,
कारण पुढची शाई तिथं उलटी उतरलीय.
"शेताचा उतारा तुझ्याकडं हाय काय?"
तो जरा वेळ गप्प.
"हाय. बँकेला लागला होता."
म्हणजे एक सापडला.

दुसरा तिसऱ्या आठवड्यात.
आबांचं पोस्टकार्ड, आईला माहेरी पाठवलेलं,
आणि आईचं विडी कारखान्याचं कार्ड,
हजार विड्यांमागे एक टिंब.
कधीच्या तरी गळतीत भिजून
दोन्ही एकमेकांना चिकटलेली, पाठीला पाठ नव्हे,
तोंडाला तोंड.
मोजताना मी ती एकच धरली होती.

वाफ दे, पातळ सुरी घाल, कुणी कुणी सांगितलं.
पोस्टकार्डावर मजकूर काय असेल,
आईला तर वाचता येत नव्हतं,
शेजारचा पोस्टमन वाचून दाखवायचा म्हणे, मोठ्यानं, ओट्यावर.
मी सुरी परत स्वयंपाकघरात ठेवली.

यंदा मार्गशीर्षात सातेरीची भार्गवी आली होती.
पानं बदलायला बसली, सात वेळा शिंकली.
कानडी कागद घडाघडा वाचते ती,
मी टाइप करते तेवढंच मला येतं.
"आत्या, यातलं खरं नाव कुठलं?"
मी तिला आकडा लिहायला सांगितला.
दोनशे दहा की अकरा, यावर आमची बरीच वादावादी झाली.
बॅगेतून तिनं जेलपेन काढलं.
म्हटलं, पेन नको, पेन्सिल घे.
शाई फुटते पावसाळ्यात.