पुसायची परवानगी

फळीवरून वह्या आल्या की मी संगणक लावते.
नाव, कार्ड नंबर, पुडे, रुपये.
सत्तर पानांचा एक पुडा, हे आमच्या पोरांना
दोनाच्या पाढ्याआधी येतं.
वहीवर घामाचे गोल डाग असतात,
सात आहे की एक, डागाखालून ओळखावं लागतं.
तीनशे अकरा नावं भरली
आणि कंट्रोल एस दाबलं.

फाईल जतन होऊ शकली नाही.

बाजूच्या खोलीत कपाटावर एक काळा डबा आहे,
बारा ग्रामसभांत मिळून एक.
सगळ्यांचा हिशेब त्याच्या पोटात.
त्याची निळी वायर खिडकीच्या गजातून माझ्यापर्यंत येते,
मधे तिला वाकाच्या दोरीनं बांधलंय.

अध्यक्ष विचारतात, "झालं काजी बाई?"
"नाही सेव्ह होऊन राहिलं."
"मंग आखीन दाब."
दाबते.
दाबण्यात आमचा हात कोणी धरणार नाही.

वायर काढून फुंकर मारली, परत खोचली.
डबा बंद करून वीसपर्यंत मोजलं.
फोल्डरात फोल्डर, त्यात "नवीन", त्यात "नवीन दोन",
त्यात "फायनल", त्यात "हेच फायनल";
पत्ता लांबला असेल म्हणून दोन पायऱ्या वर आणलं.
मग पडद्यावर आलं:
ही फाईल भोजराज वापरत आहे.

भोजराज दोन वर्षांपूर्वी बुटीबोरीला कंपनीत लागला.
पलीकडचा संगणक अजून त्याच्याच नावानं जागा होतो.
जाऊन पाहिलं तर दशरूनं आपल्या मायचे पुडे पाहायला
फाईल उघडली होती
आणि तशीच ठेवून तो जेवायला गेला होता.
मिटवली.
तरी नाही.

कुरखेड्याहून लाईन आली, गेली, आली.
पत्रा इतका तापला होता
की माऊससुद्धा हाताला चिकटत होता.
शेवटी नागपूरला ठवरे सरांना फोन लावला.
ते म्हणाले, ऐका, यंत्र जुन्यावर लिहीत नाही.
आधी बाजूला नवी फाईल लिहितं, कुठल्याही नावानं,
मग जुनी पुसतं,
मग जुनीचं नाव नवीला देतं.
तुमच्याकडे लिहायची परवानगी आहे, ताई.
पुसायची नाही.

फोल्डर नीट पाहिलं.
खाली चौदा फाईली, आठ-आठ अक्षरांच्या,
अर्धे आकडे, अर्धी एबीसीडी,
ना आडनाव, ना चित्र.
एक उघडली.
मंगळवार. अख्खा मंगळवार.
रात्री दोनदा परत भरला होता मी तो.

पुसायची परवानगी कोणी काढली, सर?
तुमच्याच ठरावात आहे, म्हणाले. नऊ नंबर.

तेव्हा आठवलं.
जुन्या ठेकेदाराचा मुनीम शिसपेन्सिलनं लिहायचा,
फळी उठली की ऐंशीचे साठ व्हायचे.
जानोबाई हिडामी भर सभेत उठून म्हणाली होती,
लिहणारा लिहून राहो बाप्पा,
पण रबर त्याच्या खिशात नको.
सगळ्यांनी हात वर केले. मीही.
डबा बसवायला आलेल्या पोरानं ते वाचलं
आणि एक खूण काढून टाकली, बस.
इतकं शब्दशः आमचं
तहसीलनंही कधी ऐकलं नव्हतं.

सर म्हणाले, दोन मिनिटांचं काम, लावून देतो.
मी म्हटलं, थांबा.
शुक्रवारी सभा आहे. विचारावं लागेल.

तोवर रोज नव्या नावानं ठेवते.
सोमवार. मंगळवार.
बुधवार, आभाळ आलं होतं, पुडे कमी.
बिननावाच्या चौदा खाली तशाच आहेत,
त्याही पुसता येत नाहीत.
संध्याकाळी जानोबाई दारात आली, आत नाही,
उंबऱ्यावरूनच विचारलं,
"माहे किती भरले व?"
मी सांगितलं. तिनं बोटांवर मोजलं,
मान हलवली,
आणि परत मोजलं.